टोपलीपुढे टोपली

हंसाबाईंच्या हातात मी कधी घड्याळ पाहिलं नाही. तलासरीच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. डहाणूहून सकाळच्या एकाच एसटीनं आम्ही अकरा वर्षं गेलो-आलो. बस उशिरा आली की बाकीचे मास्तर मनगटाकडे बघून चुकचुकायचे. बाई मात्र अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायच्या आणि जाहीर करायच्या, "साडेदहाला भरणार पाणी." समुद्र तिकडे मागे राहिलेला, आम्ही चाललोय डोंगराकडे, आणि ह्यांचं आपलं पाणी! मी एकदा चिडवलं तर म्हणाल्या, "सर, तुम्ही नरपडचे वाडीवाले. तुमचा चिकू झाडाला धरून बसतो. आमच्या घरात जे काय आलं ते पाण्यावर आलं. मग पाणी नको बघायला?"

बाईंचे वडील बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा मुख्य माणूस. आई भानू, डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. बाईंचा आवाज त्या बाजारातच तयार झालेला. त्या पाचवी 'ब'ला शिकवत असल्या तरी शेजारच्या दहावीचा भूगोल पक्का होऊन जायचा. तलासरीच्या पाड्यांवरच्या कितीतरी पोरांनी समुद्र पाहिलेला नसे. त्यांना भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवणं बाईंना पटत नसे. दरवर्षी एका पौर्णिमेला त्या वर्ग घेऊन नरपडच्या किनाऱ्यावर यायच्या. प्रत्येकाला एक काठी, काठीला नावाची चिठ्ठी. पाण्यापासून हव्या तितक्या अंतरावर रोवायची आणि डबा खात बसायचं. पाणी चढत यायचं, काठ्या एकेक करून भिजायच्या आणि पोरं ओरडायची. वारली पाड्यावरची एक मुलगी एकदा म्हणाली, "बाई, मी माझी काठी पुढं रोवली होती, हिनं तिची माझ्यापुढं आणून रोवली." बाईंनी त्या दुसऱ्या पोरीला असं काही झापलं, की पाणीसुद्धा दोन पावलं मागं सरलं असेल. मला तेव्हा ते अतीच वाटलं होतं.

शिक्षकांच्या खोलीतही तसंच. नव्यानं आलेल्या एका सरांनी एकदा टेबलावर बाईंच्या डब्यापुढे आपला डबा ठेवला. "सर, उचला तो. टोपलीपुढे टोपली नाय मांडायची," बाई म्हणाल्या. सरांना वाटलं गंमत आहे. त्यांनी हसून डबा तसाच ठेवला. बाईंनी तो उचलून खिडकीत नेऊन ठेवला आणि मग सगळ्यांना शांतपणे आपल्या डब्यातला बोंबलाचा रस्सा वाढला. त्या सरांनाही वाढला.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला ह्या टोपलीमागची गोष्ट कळली. डहाणूच्या बाजारात मासळीवाल्या बायकांच्या जागा ठरलेल्या. सकाळी बाजाराची पावती फाडली, की दिवसभर ती जागा तिची. दुसरीच्या टोपलीपुढे टोपली मांडायची नाही आणि नाव घेऊन आलेलं गिऱ्हाईक अडवायचं नाही, हे दोन नियम. लिहिलेले कुठेच नाहीत, पण मोडायची कुणाची छाती नाही. भानूआईचं बाजारातल्याच जमनीशी भांडण होतं. जमनी पहिल्या जागेवर, भानू तिसऱ्या. दोघींनी सात-आठ वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. एक दिवस वाडीवरची एक इराणी बाई बाजारात शिरली आणि नेमकं जमनीलाच विचारलं, "भानू क्यां बेसे छे?" भानू कुठे बसते? जमनीच्या टोपलीत त्या दिवशी पापलेटं होती, भानूकडे नुसते बोंबील. तरी जमनीनं कोयता उचलला आणि तोंड न वळवता तिसऱ्या टोपलीकडे दाखवला. "वो क्या, तिसरी."

"मी तेव्हा आईला विचारलं, ती तर आपली दुश्मन ना?" बाई सांगत होत्या. "आई बोलली, दुश्मन असली म्हणून काय? नाव तर माझं घेतलं ना त्या बाईनं."

ही भानूआई शाळेत गेलेली नव्हती, पण अख्खं बंदर तिला पाण्याची वेळ विचारायचं. तिचा हिशेब साधा. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला सहा वाजता भरती. हा मुंबईकडचा हिशेब, किनाऱ्यावर पुष्कळांना येतो. भानूआई त्याच्यापुढे म्हणायची, "आणि वर थोडं आपलं घालायचं." कारण मुंबईला पाणी भरल्यावर डहाणूपर्यंत यायला वेळ लागतो. ते 'थोडं आपलं' किती, ते खाडीला वेगळं, नरपडला वेगळं, वाढवणच्या खडकांना वेगळं. तिला ते जिभेवर होतं. ती गेली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की हे कुठेच लिहिलेलं नाही.

मग बाईंनी जे केलं ते मला अजून खरं वाटत नाही. पन्नाशी ओलांडलेली बाई, संगणकावर फार तर प्रश्नपत्रिका टाइप करणारी. शाळा बंद होत्या त्या काळात जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघून बघून ॲप बनवायला शिकली. तीन ठिकाणी खुणा रंगवलेले बांबू रोवले. शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, सगळी त्या बांबूंपाशी. नवरा म्हणायचा, "माझं लग्न बांबूंच्या मास्तरणीशी झालं." हे सगळं दोन वर्षं चाललं. ॲपचं नाव 'भानूआईचं पाणी'. चित्र म्हणून एक टोपली, बाईंनी स्वतः काढलेली, थोडी वाकडी. उघडून जागेच्या नावावर बोट ठेवलं की बाईंचाच आवाज यायचा, "अकरा चाळीसला भरंल पाणी. घाई नको." कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकू तर येतं. फुकट, आणि आत एकही जाहिरात नाही. शाळेत पेढे वाटले.

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. नरपडच्या, खडकांवरची शिंपल्यांतली कालवं काढायला जाणाऱ्या बायका ओहोटीची वेळ त्यावर ऐकायच्या. बंदरावर कुणाच्याही खिशातून बाईंचा आवाज यायचा. मला तर बाईंपासून सुट्टी म्हणून नसे. शाळेत त्या आणि किनाऱ्यावर फिरायला गेलो तरी त्याच.

आणि मग मी नवा फोन घेतला.

मधली सुट्टी होती. मी बाईंसमोरच फोन काढला, ॲप मिळतात त्या दुकानात 'भानूआईचं पाणी' असं लिहिलं, आलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि ऐटीत म्हणालो, "घेतलं बघा."

बाईंनी फोन हातात घेतला. "सर, तुम्ही पण," एवढंच म्हणाल्या.

मी घेतलेलं ॲप भलतंच होतं. निळं चित्र, त्यावर लाट, जगातल्या सगळ्या बंदरांची भरती-ओहोटी सांगणारं. बाईंचं नाव शोधलं की सगळ्यांत वर, मोठ्ठं, तेच यायचं. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं. त्याच्याखाली दिवसातून आठ ग्लास पाणी प्यायची आठवण करणारं दुसरं एक ॲप. मग खाली, बोटानं सरकवल्यावर, बाईंची वाकडी टोपली. मराठीचा मास्तर मी, जन्मभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडलो, आणि मला ते मुंगीचं अक्षर दिसलं नाही. पण मीच कशाला, कोण वाचतं? दुकानात आपण नाव सांगितलं आणि दुकानदारानं वस्तू पुढे केली, तर ती आपण मागितली तीच असणार, असंच माणूस धरून चालतो.

बाईंनी चौकशी केली. त्यातून जे कळलं ते त्यांनी मला बसमध्ये समजावून सांगितलं, आणि मला दोनदा विचारावं लागलं. लोक जे शब्द शोधतात त्या शब्दांचा लिलाव होतो. जो जास्त बोली लावील त्याचं ॲप वर. बाईंचं नाव बरेच लोक शोधायला लागले, हे त्या निळ्या ॲपच्या कुठल्याशा कंपनीच्या ध्यानात आलं आणि तिनं त्या नावावरच बोली लावली. बोली कोण लावतंय ते दिसत नाही, कितीची आहे ते दिसत नाही.

"लिलाव मला नका शिकवू," बाई म्हणाल्या, जणू मीच शिकवत होतो. "बंदरावर लहानपणापासून बघितलाय. तिथं मासळी मधे ठेवतात, सगळे गोल उभे राहतात, एकमेकांची तोंडं दिसतात. आणि विकतात ती मासळी. कुणाची आई नाय विकत."

त्यांनी त्या ॲपच्या दुकानवाल्यांना पत्र लिहिलं. मराठीतून लिहिलं, मग मी आणि इंग्रजीच्या मॅडमनी मिळून ते इंग्रजीत केलं. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच, की ते कुणी वाचलं असणं शक्यच नव्हतं. नमस्कार हंसा, तुमची अडचण आम्ही समजू शकतो, अशी सुरुवात. असे शब्द जाहिरातीसाठी वापरणं नियमात बसतं, असा मधला भाग. आणि शेवटी, तुमचं ॲप जास्त लोकांपर्यंत पोचावं असं वाटत असेल तर तुम्हीही जाहिरात करा, त्याची माहिती इथे आहे. बाईंनी चार पत्रं लिहिली. चारही वेळा हंसाची अडचण समजली गेली. माझा त्या उत्तरांनी इतका संताप झाला, की मी वर्गात 'औपचारिक पत्र' शिकवायचं त्या वर्षी टाळलं.

हे इथवरच राहिलं असतं, तर नुसता मानापमान म्हणून सोडून देता आलं असतं. पण रमण तांडेलचं प्रकरण झालं, आणि त्यात हात माझा आहे.

रमणभाई डहाणूला, मी हल्ली राहतो त्या घरामागेच राहतात. तीस वर्षं बोटीवर. तिथी, पाऊणपट आणि खाडीपुरतं 'थोडं आपलं' त्यांनाही येतं. त्यांच्या मुलीनं त्यांना मोबाईल घेऊन दिला, तेव्हा मीच म्हणालो, "भानूआईचं पाणी घ्या त्यात. आमच्या बाईंचं आहे." नुसतं नाव सांगितलं. फोन हातात घेऊन दाखवलं नाही. मी स्वतः त्याच खड्ड्यात पडलेलो, तरी दुसऱ्याला सांगताना मला तो आठवला नाही. ह्याला काय म्हणायचं?

थोड्या दिवसांनी रमणभाईंची बोट खाडीच्या तोंडाशी गाळात बसली. भर दिवसा, शांत हवेत. पाणी अजून चढायचं होतं आणि त्यांनी बोट आत घातली. पुरेसं पाणी येईपर्यंत तासभर लाटा बोटीला उचलून उचलून आपटत होत्या. सुकाणू मोडलं, तळाची फळी फुटली. माणसं वाचली. बर्फातली मासळी बोटीत शिरलेल्या पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी रमणभाई तलासरीला शाळेत आले. मी बाहेरच्या ओट्यावर होतो, मला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाई वर्गातून बाहेर आल्या.

"बाई, तुमच्या आईचं पाणी बोलून मी विश्वास ठेवला," रमणभाई म्हणाले. "बोटावर मोजलं तर माझा टाइम वेगळा येत होता. खलाशी बोलला, तांडेल, अजून थांबू. मी बोललो, भानूबायचं पाणी चुकत नाय, माझीच तिथी चुकली असंल."

बाईंनी हात पुढे केला. "फोन दाखवा."

निळं चित्र, त्यावर लाट. डहाणूच्या नावाखाली मुंबईची वेळ, जशीच्या तशी.

"रमणभाई, ह्याच्यात माझा आवाज आला काय तुम्हाला?"

"नाय आला. मी बोललो, फोन बिघडला असंल."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या खाली सरकवून टोपली शोधली, ॲप घेतलं, डहाणू खाडीच्या कालच्या वेळेवर बोट ठेवलं. ओट्यावर बाईंचा आवाज घुमला. वेळ रमणभाईंच्या बोटांवर आली होती तीच निघाली. रमणभाईंनी अंगठा पेरांवरून फिरवून पुन्हा मोजलं. स्वतःच्या बोटांवर भरवसा ठेवला असता तर बोट वाचली असती, आणि ठेवला नाही तो बाईंच्या आईच्या मानापायी. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग मी पुढे होऊन सांगितलं, की नाव मी सुचवलं होतं, आणि दाखवलं नव्हतं. दोघांनीही माझ्याकडे बघितलं, आणि कुणीच मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण बंदरावर गोष्ट आधीच पोचली होती. भानूआईच्या पाण्यानं बोट बसवली. रमणभाईंच्या मुलीनं रागाच्या भरात ॲपखाली लिहूनही टाकलं होतं, वेळ चुकीची, बोट फुटली, घेऊ नका, एक तारा. लिहिताना मात्र तिनं नीट शोधून, बाईंच्या खऱ्या ॲपखाली लिहिलं. नंतर तिनं ते पुसलं, बाईंच्या घरी जाऊन रडलीही. रमणभाई जेट्टीवर भेटेल त्याला खरा प्रकार सांगत राहिले. पण बोट फुटल्याची बातमी एका दमात सांगता येते, आणि लिलावाची, बोलीची, मुंगीच्या अक्षराची भानगड सांगायला अर्धा तास लागतो. अर्धा तास कोण ऐकतो? कालवंवाल्या बायका पुन्हा शेजारच्या म्हाताऱ्यांना वेळ विचारू लागल्या.

त्यानंतर बाई हरल्या. म्हणजे त्यांनी पैसे भरले. "माझ्याच आईच्या जागेची पावती मीच फाडायची," असं म्हणत म्हणत स्वतःच्या पगारातून आपल्याच नावावर बोली लावली. काही दिवस टोपली सगळ्यांत वर दिसली. आम्ही शिक्षकांच्या खोलीत रोज सकाळी तपासायचो. मग एका सकाळी पुन्हा निळी लाट वर. त्या कंपनीनं बोली वाढवली होती. बाईंनी वाढवली, त्यांनी आणखी वाढवली. आणि गंमत अशी, की वर दिसलेल्या टोपलीवर कुणी बोट ठेवलं की दर वेळी पैसे बाईंचे कापले जायचे. जो माणूस बाईंचं नाव घेऊन बाईंकडेच निघाला होता, त्याला बाईंकडे पोचवायचे पैसे! आमच्या गणिताच्या मास्तरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, ह्यात गणित कुठे आहे?

महिनाभरानं बाईंनी ते बंद केलं. बसमध्ये खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "सर, बाजारात पावती फाडली की जागा दिवसभर आपली. इथं पावती फाडत राहायची आणि जागा नायच."

"सोडून द्या बाई," मी म्हणालो.

"सोडून देऊ? आणि पुढची बोट बसली मग?" त्या माझ्यावर इतक्या जोरात ओरडल्या, की कंडक्टरनं मागे वळून बघितलं. "नाव माझ्या आईचं आहे. चुकलं तर तिचं चुकतं."

त्यांचं बरोबर होतं आणि मला त्यांना देण्यासारखं काही नव्हतं, ह्याचीच चीड येत होती. अजून येते. जन्मभर शिकवलं, की मेहनत करा, वस्तू चोख द्या, लोक शोधत येतील. आले, शोधत आले. नाव घेऊन आले. आणि दारातच कुणीतरी त्यांचा हात धरून शेजारच्या घरात नेलं.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. बसमध्ये आता मला पाण्याची वेळ कुणी सांगत नाही, आणि मी घड्याळ बघत जातो.

परवा रविवारी मासळी घ्यायला बाजारात गेलो होतो. तिसऱ्या जागेवर आता बाईंची मामेबहीण बसते. तिच्या शेजारी, पाटावर, हंसाबाई. मासळी विकत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. मी हाक मारणार, एवढ्यात नरपडकडची वाटणारी एक बाई कमरेला कालवांची टोपली लावून आत आली. हातात मोबाईल. तिनं पहिल्याच जागेवर विचारलं, "ते भानूआईचं पाणी कुठं मिळतं? मला कुणी बोललं, बाजारात विचार."

पहिल्या जागेवर जमनी होती. आता पार वाकलेली, दात गेलेले. तिनं मान वर केली नाही. हातातला कोयता तेवढा उचलला आणि तिसऱ्या जागेकडे दाखवला.

"ती काय."

बाईंनी त्या बाईला जवळ बसवलं. फोन तिच्याच हातात राहू दिला, तिचा अंगठा आपल्या हातात धरला आणि काचेवरून वर सरकवू लागल्या.

"हे नाय. हे पण नाय. अजून खाली. अजून खाली... हां. ही मी."